सात गाड्यांची जागा

श्रावणातली दुपार होती. समोरच्या वहिनी कागद घेऊन दारात उभ्या. माझे हात कणकेत. "काही नाही हो, पोरांच्या दंग्याबद्दल आहे. सगळ्यांनी केलीय सही," म्हणाल्या. मी पदराला हात पुसले आणि बाराव्या नंबरावर सही करून टाकली. वाचलं नाही. मी बी.ए. झालेली बाई. वाण्याच्या बिलावरचा साखरेचा भाव दोनदा बघते, दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर लिहून ठेवते, आणि या कागदावर मात्र न वाचता सही! कारण काय, तर पोळ्यांची वेळ झाली होती आणि 'सगळ्यांनी' केली होती.

संध्याकाळी तो कागद मला पुतणीनं वाचून दाखवला. धाकट्या दिरांची मुलगी, आठवीत आहे, वरच्या मजल्यावर राहते, मला मोठीआई म्हणते. कुणाच्या तरी मोबाइलवरून फिरत फिरत कागदाचा फोटो मुलांपर्यंत पोचला होता. त्यात लिहिलं होतं ते असं: कॉलनीच्या मोकळ्या जागेत बाहेरची मुले येऊन गोंगाट व शिवीगाळ करतात, घरांच्या काचा फुटतात, मुलीही दिवेलागणीपर्यंत तेथे थांबतात व ते संस्कारांच्या दृष्टीने योग्य नाही; सबब सदर जागेस साखळी लावून ती रहिवाशांच्या वाहनांकरिता राखून ठेवावी.

"मोठीआई, बारा नंबरला तुझी सही आहे," एवढंच ती म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्कीची पिशवी उचलली आणि जिन्याखाली नेऊन ठेवली. शाळेच्या तालुका स्पर्धेसाठी तिची आणि तिच्या मैत्रिणींची कबड्डीची तयारी त्याच जागेत चालली होती. रोज संध्याकाळी पाऊस उघडला की त्या फक्कीनं रेषा आखायच्या, आणि सकाळी पाऊस त्या पुसून टाकायचा.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचं सगळं त्या सहीचं प्रायश्चित्त म्हणून लिहिते आहे असं समजा. कुणाला झोंबलं तर आधी मला झोंबलंय हे लक्षात घ्या.

आमची कॉलनी बेळगावची, टिळकवाडीच्या पुढे, रेल्वे गेट ओलांडून गेलं की लागते. चाळीसेक घरं. मराठी, कन्नड, दोन-चार कोकणी, आणि आमची जैनांची नऊ. मधोमध प्लॉट पाडतानाच सोडलेली मोकळी जागा. इथली मुलं आउट की नॉट आउट हे तीन भाषांत भांडतात आणि एका भाषेत खेळतात. मी लग्न होऊन आले तेव्हा कॉलनीत चार स्कूटरी आणि एक फियाट होती. ती फियाटसुद्धा बहुतेक वेळ कापड पांघरून बसलेली असायची.

आता तक्रारी खोट्या होत्या का? मुळीच नाही. आमच्याच स्वयंपाकघराची काच तीन वर्षांत दोनदा फुटली आहे आणि दोन्ही वेळा काचेचे तुकडे भिजवलेल्या डाळीत निघाले. कोपऱ्यावरच्या निवृत्त बँकवाल्या काकांचं बायपास झालंय, त्यांना दुपारी डोळा लागणं हे औषधाइतकंच गरजेचं आहे. मागच्या ओळीतली नर्स रात्रपाळी करून येते आणि तिच्या खिडकीखाली साडेअकराला "हाऊज दॅट" सुरू होतं. उन्हाळ्यात एका आजींना गच्चीवर सांडगे घालताना खांद्याला चेंडू लागला. तो चामड्याचा होता, टेनिसचा नव्हे. थोडा वर लागला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. आणि शिव्या तर खऱ्याच आहेत. त्या मुलांनी कुठे ऐकल्या ते मात्र कागदात नव्हतं. रस्त्यात गाडी मागे घेताना दोन बाबा एकमेकांना काय म्हणतात ते माझ्या ओट्यापाशी उभं राहून ऐका, म्हणजे शाळेला दोष द्यायची गरज उरणार नाही.

पण या प्रत्येक तक्रारीला उत्तर आहे आणि तेही सोपं. चामड्याचा चेंडू बंद, टेनिसचाच चालेल. दुपारी दोन ते चार खेळ नाही. शनिवार-रविवारी सकाळी नर्सच्या बाजूला स्टंप लावायचे नाहीत. काच फोडली तर टीमनं वर्गणी काढून भरायची. एवढं दहा-बारा वर्षांची पोरंही अर्ध्या तासात कबूल करतात. मी विचारून पाहिलंय. मग कागदात हे का नव्हतं? दुखणं सांगायचं कानाचं आणि औषध मागायचं पार्किंगचं! कागदाची शेवटची ओळ आधी लिहिली गेली होती आणि वरच्या ओळी तिच्यासाठी गोळा केल्या होत्या, हे मला ती सही केल्यानंतर तीन तासांनी समजलं.

गाड्यांचं म्हणाल तर बऱ्याच घरांना पोर्च होते. ते गेले कुठे? पत्रे मारून, भिंत घालून त्यांच्या खोल्या झाल्या आणि त्या कॉलेजच्या मुलांना भाड्यानं गेल्या. एके ठिकाणी केटररचं सामान आहे. भाडं आपल्या खिशात आणि गाडी मुलांच्या मैदानात! आमच्या घरचंही सांगते, कारण झाकून काय उपयोग. आमच्या पोर्चमध्ये जुना फ्रिज, सासूबाईंची पलंगाची फळी, आणि कुणाच्या तरी लग्नात आलेले सतरा स्टीलचे डबे आहेत. आमच्या यांची गाडी रस्त्यावर.

पुतणीनं दुसऱ्या दिवशी मला वहीत हिशेब करून दाखवला. बायकांच्या कबड्डीचं क्रीडांगण लॉबी धरून 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. म्हणजे 96 चौरस मीटर. एका गाडीला अडीच गुणिले पाच मीटर जागा धरली तर साडेबारा चौरस मीटर. "मोठीआई, आमच्या अख्ख्या ग्राउंडात सात गाड्या बसतात. आठवी बसत नाही." एका बाजूला सात मुली, समोर सात मुली, त्या चौदा जणींची जागा म्हणजे सात गाड्या. त्या सात गाड्यांपैकी तीन अशा आहेत की रविवारी धुण्यापुरत्या हलतात.

आणि मी म्हणते, मोकळी जागा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. कर्नाटकात उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी 1985 सालापासून वेगळा कायदाच आहे. चाळीस वर्षं झाली. ज्यांना घरपट्टीचे सगळे नियम तोंडपाठ आहेत त्यांना हा एक ठाऊक नव्हता, हे मला जरा अवघड जातं पटायला.

गोंगाटाबद्दल बोलू. इथे मी आपल्याच बायकांशी बोलते आहे. गणपतीच्या अकरा दिवसांत त्याच मोकळ्या जागेत मांडव पडतो आणि सकाळी सहापासून भोंगा सुरू होतो. बेळगावची विसर्जन मिरवणूक तर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, आणि आपण ती कौतुकानं बघायला जातो. बरं, ते दुसऱ्यांचं म्हणून सोडून देऊ. आपलं काय? महावीर जयंतीच्या मिरवणुकीत बँडच्या पुढे जी ट्रॉली असते तिच्यावरचे स्पीकर मोजलेत कधी? पंचकल्याणकाच्या वेळी पहाटे माइक सुरू होतो आणि सवालाची बोली रात्रीपर्यंत चालते. आठ-आठ दिवस. ज्यांच्या धर्मात पाणीसुद्धा गाळून घ्यायचं सांगितलंय त्यांनी आवाज गाळून घ्यायला काय हरकत आहे? नियम तर साफ आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा वाजवायला बंदी, सणावारी राज्य सरकारला रात्री बारापर्यंत सूट देता येते आणि तीही वर्षातले फार तर 15 दिवस. संध्याकाळी साडेपाचला एक मुलगी एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणते त्याला ना माइक लागतो ना परवानगी. तरी कागद तिच्यावर निघाला.

आता क्रिकेटचं सांगते, कारण त्यात मोठ्या माणसांनी जे केलं ते मुलांनी कधीच केलं नसतं.

स्वातंत्र्यदिनाला दरवर्षी शेजारच्या दोन-तीन कॉलन्यांची चौदा वर्षांखालच्या मुलांची टेनिस बॉलची स्पर्धा असते. आमच्या लहानपणापासून गल्लीत एक न्याय आहे, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. पोरं तो निमूट पाळतात, कारण तो उघड आहे. बॅटवाला शून्यावर आउट झाला तरी बॅट घेऊन घरी जाणार नाही एवढाच काय तो करार. यंदा एका बाबांनी सगळ्यांना टी-शर्ट दिले, पाठीवर त्यांच्या दुकानाचं नाव. ठीक आहे, दानाला नाव लागायचंच, आपल्या बस्तीतल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं असतात. पण टी-शर्टापाठोपाठ कॅप्टनपणा आला. मग दुसऱ्या बाबांचं म्हणणं, माझा मुलगा अकादमीत जातो, महिन्याला फी भरतो, तो खाली का खेळेल? तिसऱ्या घरातल्या आईनं (हो, आईनं, आपणही काही कमी नाही) मला फोनवर वीस मिनिटं सांगितलं की तिच्या मुलाला बाउंड्रीवर उभं करणं हा जाणूनबुजून केलेला अपमान आहे. मुलगा तेव्हा बाहेर बाउंड्रीवर उभा राहून पेरू खात होता आणि अत्यंत सुखात होता.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण टीममध्ये एक मुलगा होता, आमच्या कामाच्या मावशींचा. खालच्या गल्लीत राहतो, बारा वर्षांचा, डावखुरा. सहा पावलं पळत येतो आणि चेंडू असा आत आणतो की आमचे हे, ज्यांना मुलांच्या खेळाचा तिटकारा आहे, तेही गॅलरीत चहाचा कप घेऊन थांबतात. सामन्याच्या आदल्या रात्री मोठ्या माणसांनी नियम केला. टीममध्ये फक्त कॉलनीचे रहिवासी. लेखी नियम, खाली सह्या. त्याचं कारण बाबांनी मुलांना सांगितलं ते असं की बाहेरची मुलं आली की शिस्त राहत नाही. खरं कारण सगळ्या पोरांना ठाऊक होतं. तो खेळला असता तर अकादमीवाल्याला नवा चेंडू मिळाला नसता.

'बाहेरची मुले.' तुमच्या लक्षात आलं का, तोच शब्द पुढच्या आठवड्यात माझ्या सहीच्या कागदात आला? त्याची आई रोज सकाळी सात वाजता माझ्या स्वयंपाकघरात असते. माझ्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते तिला माहीत आहे. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात तिनं त्यांना अंघोळ घातली. ती आत आणि तिचा मुलगा बाहेरचा? सोळा ऑगस्टला ती आली तेव्हा मी विचारलं, पोरगा काय म्हणतो? ती म्हणाली, "काय म्हणंल अक्का, त्याला मीच सांगितलं, तिकडं जाऊ नको म्हणून. भांडी घासायची घरं माझी." आणि नळ जोरात सोडला. माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं.

ज्यांना परवडतं त्यांची मुलं आता टर्फवर जातात. हिरवा गालिचा, जाळी, रात्रीचे दिवे, तासावर भाडं. चांगलंच आहे, काच फुटत नाही आणि आईला खिडकीतून हाकाही माराव्या लागत नाहीत. पण दहा मुलं तासाचं भाडं वाटून घेतात तेव्हा अकरावा, ज्याच्याकडे वाटा नाही, तो आपोआप गळतो. त्याला कुणी काढावंसुद्धा लागत नाही. मोकळ्या जागेचं मोल हेच, की तिथे यायला वाटा लागत नाही. ती जागा साखळीत गेली तर अकादमीवाल्याचं काही बिघडणार नाही. बिघडेल मावशींच्या मुलाचं, आणि मुलींचं.

मुलींचं लिहायला मी मुद्दाम मागे ठेवलं. कारण ते आपल्या घरातलं आहे.

आपल्याकडे संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. चातुर्मासात तर जी घरं एरवी सैल असतात तीही कडक होतात. मी स्वतः पाळते आणि मनापासून पाळते, त्यात मला काही जाच वाटत नाही. पण हा नियम आपण कुणावर कसा लावतो ते बघा. आठवीतली मुलगी, शाळा साडेचारला सुटते, पाच वाजता घर, श्रावण-भाद्रपदात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात सहाच्या आसपासच. तिच्या वाट्याला मोकळा वेळ एक तास. त्यात "ये गं, पानं घ्यायची आहेत" ही हाक सव्वासहाला. मुलगा मात्र साडेसातला घामेघूम होऊन येतो आणि त्याची आई म्हणते, "खेळून आलाय, भूक लागणारच, खाऊ दे फळं-दूध, चालतं." चालतं! मग मुलीला का चालत नाही? नाहीतर दोघांनाही चालायला नको. धर्म म्हणून सांगायचं आणि पहारा म्हणून वापरायचं, याला माझी हरकत आहे. 'मुलीही दिवेलागणीपर्यंत तेथे थांबतात' ही ओळ लिहिणाऱ्यांना जीवजंतूंची काळजी नव्हती.

मी निपाणीची. शाळेत असताना आम्ही बस्तीमागच्या पटांगणात खो-खो खेळायचो. मी खांब मारण्यात तरबेज होते, उजव्या गुडघ्यावर त्याची खूण अजून आहे. आठवीच्या उन्हाळ्यात आजीनं एकदा मला पळताना बघितलं आणि वडिलांना काहीतरी सांगितलं. कुणी मला रागावलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर संध्याकाळी गंध उगाळायचं, दिव्यांच्या वाती करायचं काम माझ्याकडे आलं, इतकंच. मला वाटलं मी मोठी झाले, मान वाढला. चाळीस वर्षांनी जिन्याखाली फक्कीची पिशवी ठेवणारी पुतणी बघितली तेव्हा कळलं की मलाही कुणीतरी न वाचता सही करून आत घेतलं होतं.

पुरुषांची कबड्डी आशियाई खेळांत 1990 साली आली. बायकांची यायला 2010 उजाडलं. वीस वर्षं! आणि 2023 मध्ये हांगचौला भारताचं शंभरावं पदक कुणी आणलं, तर बायकांच्या कबड्डी संघानं, शेवटच्या घटकेपर्यंत श्वास रोखून, 26 विरुद्ध 25. त्या मुली कुठल्या तरी मोकळ्या जागेतच पळून मोठ्या झाल्या असतील ना? 2025 मध्ये 2 नोव्हेंबरला हरमनप्रीतच्या संघानं वर्ल्ड कप जिंकला. आमच्या कॉलनीनं रात्री बारानंतर फटाके लावले, त्याच जागेत. "आपल्या सांगलीची स्मृती," "आपली पोरगी" असं म्हणत पेढे वाटले. वाटणाऱ्यांत कागदावरच्या पहिल्या पाच सह्यांपैकी तीन सह्या होत्या. मी पेढा घेतला. विचारावंसं वाटलं, ही आपली पोरगी नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात निवडली गेली. तेव्हा ती आपल्या कॉलनीत असती तर दिवेलागणीला कुठे असती? पण रात्रीचा एक वाजला होता आणि आमच्या यांनी माझा पदर ओढला.

हां, तर बैठक. भाद्रपद लागायच्या आधीच्या रविवारी सकाळी ठरली. आणि झाली कुठे, तर मोकळ्या जागेत, गणपतीच्या मांडवाचे खांब उभे राहत होते त्याच्या सावलीला. मी आयुष्यात पहिल्यांदा कॉलनीच्या बैठकीत बोलले. आधी सांगितलं, बारा नंबरची सही मी मागे घेते, कारण ती न वाचता केली होती. कुणीतरी हसलं. मग म्हटलं, हा मांडव उद्यापासून अकरा दिवस इथे राहणार. या अकरा दिवसांत ज्या गाड्या आत्ता इथे लागतात त्या कुठे लागतील? सगळे गप्प. मग बँकवाले काकाच म्हणाले, "लागतात की कुठेतरी. दरवर्षी लागतात." मी म्हटलं, मग तिथेच लावा.

बायपासवाले काका, ज्यांच्या झोपेच्या नावानं कागद निघाला होता, त्यांनी सांगितलं की त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दुपारचे दोन तास शांत मिळाले तर त्यांचं काही म्हणणं नाही, उलट संध्याकाळी गॅलरीत बसल्यावर तेवढीच करमणूक. नर्स बैठकीला येऊ शकली नाही, झोपली होती. तिच्या सासूबाईंनी तिचं म्हणणं मांडलं आणि ते मान्य झालं. बस्तीत आपण अनेकांतावरचं प्रवचन मान डोलावून ऐकतो, एकाच वस्तूला अनेक बाजू असतात वगैरे. त्या दिवशी मला वाटलं, त्याची सुरुवात समोरच्याला विचारण्यापासून करायला काय हरकत होती?

सगळं जिंकलं असं मात्र समजू नका. साखळी लागली नाही, पण अर्धी जागा गाड्यांना गेली. उरलेल्या अर्ध्या भागात कबड्डीचं क्रीडांगण बरोब्बर बसतं, क्रिकेट बसत नाही. त्यामुळे मुलगे आता मुलींवर रागावलेत. म्हणजे भांडण मोठ्यांनी लावलं आणि सोडवायचं लहानांनी. आमचा जुना फ्रिज आणि पलंगाची फळी भंगारवाल्याला दिली, यांची गाडी पोर्चमध्ये आली. डबे अजून आहेत. आणखी एका घरानं तसं केलं, बाकीच्यांनी नाही. समोरच्या वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. विरजण संपलं तर आता तीन घरं पलीकडे जावं लागतं. रहिवाशांचा नियम तर कायमच आहे. मी विषय काढला तेव्हा "तो वेगळा मुद्दा" म्हणून पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक अजून झालेली नाही. मावशींचा मुलगा संध्याकाळी येत नाही. मी दोनदा निरोप पाठवला, मावशी "अभ्यास हाय त्याचा" म्हणतात.

पुतणीची टीम तालुक्याला दुसऱ्या फेरीत हरली. गुडघे सोलवटून आली, हळद लावून घेतली आणि पुन्हा बाहेर पळाली. सव्वासहाची हाक मी आता मारत नाही. पानं तिचा भाऊ घेतो, मुकाट्यानं नव्हे, पण घेतो.

क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षीप्रमाणे सकाळपासून मोबाइलवर 'उत्तम क्षमा'चे फुलांचे फोटो. बस्तीत गेले, वडीलधाऱ्यांच्या पाया पडले, ज्यांच्याशी वर्षभर बोलणं झालं नव्हतं त्यांचीही क्षमा मागितली. समोरच्या वहिनींना हात जोडले, त्यांनीही जोडले, कोरडेच. घरी आल्यावर आठवलं की एका ठिकाणी मागायची राहिली आहे. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. आमच्या अंगणात आलेले चेंडू मी त्यात टाकते. 'काच फुटली की देणार नाही' असं सांगून ठेवलेले, आणि मग काच फुटली नाही तरी न दिलेले. खाली काढून मोजले तर अकरा निघाले. दोन चामड्याचे, ते बाजूला ठेवले. एक इतका वाळला होता की दाबला तर फट पडली.

संध्याकाळी डबा घेऊन फाटकाशी उभी राहिले. पोरं लांबूनच बघत होती, जवळ यायला कुणी तयार नाही. त्यांना वाटलं मी तक्रार करायला आलेय. मग एक जण आला, चौथीतला असेल. मी म्हटलं, "घ्या रे, तुमचेच आहेत. चुकलं माझं." त्यानं डब्यात हात घालून एकेक काढला. एका चेंडूवर बॉलपेननं लिहिलेलं अर्धवट नाव होतं. तो त्यानं उजेडात धरून वाचला आणि म्हणाला, "काकू, हा आमचा नव्हे. हा माझ्या दादाचा." दादा गेल्या वर्षी बेंगळुरूला नोकरीला लागला.